घशातलं कांडं

२ डिसेंबर
माहेराहून परत आले तर म्हैस मेलेली! दोन दिवस लाळ गाळत ओरडत होती म्हणे. आमच्या आत्या — म्हणजे सासूबाई — जनावरांच्या डॉक्टर बनल्या. "घशात उसाचं कांडं अडकलंय," म्हणाल्या, आणि कोपरापर्यंत हात घातला तिच्या तोंडात! कांडं न्हाय निघालं, हात मात्र खरवडून आला. बरं झालं.

शाळेसाठी मागं ठेवलेल्या माझ्या छकुलीचा ड्रेस चिकटानं बरबटलेला, बोटं खरचटलेली. दोन धपाटे घातले.

१४ जानेवारी
आत्यांच्या हाताला मुंग्या येतायत म्हणे. मी संक्रांतीची नवी साडी नेसले की यांच्या पोटात दुखणारच.

१६ जानेवारी
आत्यांनी चहा तोंडाशी नेला आणि कप भिरकावला! "गिळंना गं बाई!" मी मुद्दाम पाण्याचा तांब्या पुढं धरला. मान आखडून थरथरायला लागल्या. फॅन लावला तर किंचाळल्या — "वारा नगं!" मी अजून वाढवला. बघू, किती नाटकं करतात. छकुली रडत बटण बंद करायला धावली. तिलाही ठेवून दिली एक.

१८ जानेवारी
गावातल्या डॉक्टरनं "मनाचं दुखणं" म्हणून झोपेच्या गोळ्या दिलेल्या. आज बारामतीला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कुत्रं चावलं होतं का?" नाही. "घरातलं जनावर मेलं का एखादं?" माझा नवरा अविराज म्हणाला, "म्हैस. आईनं तिच्या तोंडात हात घातला होता." त्यालाही तेव्हाच आठवलं. बाईंनी हातमोजे चढवले. मग म्हणाल्या, "रेबीज आहे. आता इलाज नाही. मीसुद्धा आजवर एकच पेशंट पाहिलाय." म्हशीच्या लाळेतून होतो म्हणे! "अजून कुणी तिच्या तोंडाला हात लावला होता? त्यांना आजच इंजेक्शनं द्यायला हवीत."

मी ठणकावून सांगितलं — कुणी नाही. माझ्या घरात मला न कळता पान हलत नाही.

आत्या सारख्या "छकुली... छकुलीला..." करत होत्या. म्हटलं, लेकराला हे ध्यान दाखवू होय? नाही आणणार.

२० जानेवारी
आत्या गेल्या. खोटं कशाला लिहू? हलकं वाटलं.

९ फेब्रुवारी
दुपारी फॅन लावला तर छकुली कोपऱ्यात जाऊन बसली, गळा धरून. "आई, वारा नको. मारू नको ना... आजीनं हात घातला तवा म्हशीचं तोंड मीच धरलं होतं. तू मारशील म्हणून नाही सांगितलं."