सलमाच्या आईचा कागद

१ नोव्हेंबर, शनि.
जावळ झालं एकदाचं! बाबूने आधी भोकाड पसरलं, मग ते मशीन कानाशी गुणगुणायला लागलं तर हसतोय. पाचवा महिना, विषम, म्हणून आजच उरकलं. मेघनाचा भाऊ पुण्यात, त्याला सुट्टी नाही. आता मामाच्या मांडीशिवाय जावळ कसं काढणार? सुधीर म्हणतो, "मी बसतो ना आई." अरे तू बाप आहेस, मामा कसा होशील? तेवढ्यात शेजारचा युसुफ पुढे आला. ही माणसं पॅलेस्टाइनची. पण युसुफ पंधरा वर्षं इथे आखातात बांधकामाच्या साइटवर आपल्या लोकांत आहे, हिंदी माझ्यापेक्षा बरी. "अम्मा, मैं भी मामा हूँ, सलमा का." बसला मांडी घालून. नव्या पँटवर केस पडले तरी हलला नाही.
सलमा म्हणजे त्याची भाची. सात वर्षांची, रक्ताचा कॅन्सर, गाझाहून औषधपाण्यासाठी इथे धाडलीय. डोक्यावर एक केस नाही. जावळ झाल्यावर तिने बाबूच्या डोक्याला आपलं डोकं लावलं नि म्हणाली, "सेम सेम!" आम्ही हसून हसून बेजार. तिची आजी, उम्म युसुफ, (उ. यु. लिहीन, हात दुखतो) डोळे पुसत हसत होती.
कणकेत धरलेलं जावळ खाडीत सोडायचं म्हटलं तर सुधीर म्हणे दंड होतो. गावी नेईन. लाडूच्या डब्याशेजारी ठेवलंय, कोणी खाल्लं नाही म्हणजे झालं.

४ नोव्हेंबर, मंगळ.
उ. यु.चं निळं वाडगं आलं, वांगं घातलेला भात. मी धुऊन डिंकाचे लाडू घालून परत. युसुफ सांगतो त्यांच्यातही भांडं रिकामं परत करत नाहीत! मी म्हटलं बघ, समुद्र ओलांडून शेवटी बायका सारख्याच. उ. यु.ला माझं अक्षर कळत नाही, मला तिचं नाही, पण स्वैपाकातलं सगळं कळतं. ती मला उम्म सुधीर म्हणते, म्हणजे सुधीरची आई. ऐकायला बरं वाटतं. गावात आयुष्यभर दाम्याची बायको होते.
मुख्य राहिलंच. सलमाला आता हाडातला मगज दुसऱ्याचा द्यायला लागणार. युसुफचा जुळला नाही, उ. यु.चं वय झालं. डॉक्टर म्हणतात आईचा चालेल. आई हनान तिकडेच अडकलीय. मुलीबरोबर एकालाच सोडत होते. आईच्या नावावर फुली मारली, आजीला जा म्हणाले. आता डॉक्टरांनी कागद लिहून दिलाय, आई पाहिजेच म्हणून. तिकडून माणसं आणायची यादी जिथे होते तिथे तो कागद जायला हवा, आणि जातो कुठून, तर हॉस्पिटलात बाहेरदेशच्या पेशंटांचं जे टेबल आहे तिथून. म्हणजे आमच्या सुधीरच्या टेबलावरून!! देवाची योजना बघा. मी उ. यु.चा हात धरला नि म्हटलं, मेरा बेटा करेगा. छाती अशी फुगली माझी.

६ नोव्हेंबर, गुरु.
सुधीर घरात पाऊल टाकतो न टाकतो तोच विचारलं, "गेला का रे कागद?"
"गेला आई."
तशीच स्लिपर घालून शेजारी. उ. यु.ने दोन्ही गालांचे तीन तीन मुके घेतले. सलमाने आईचा आवाज फोनवर लावून दाखवला. शब्द एक कळला नाही. मागे कुठेतरी कोंबडा आरवत होता. सलमा मला हाताने सांगते, तो आमचा कोंबडा. यादी पुढच्या शुक्रवारी बंद होणार.

९ नोव्हेंबर, रवि.
तलावावर फिरलो सगळे. बाबू गाडीत, सलमा धरून चालते, दमली की त्याच्या गाडीच्या टोकावर बसते. मीना बाजारातून दोघांना सारख्या पिवळ्या टोप्या आणल्यात. दोघं अगदी बदकाची पिल्लं दिसतात.
सुधीरला परत विचारलं. "हो गं, काल आठवण पण केली त्यांना." किती करतो बिचारा. त्याला आज सुरमई तळून घातली, दोन तुकडे जास्त. मेघना गप्प गप्प होती. झोप नसेल झाली, बाबू दात काढतोय.

१३ नोव्हें., गुरु.
उ. यु. आज सारखी बोटं दाखवत होती, एकच दिवस राहिला म्हणून. मी वर हात केले. इन्शाल्ला. आता मलाही येतं म्हणायला. तिच्या निळ्या वाडग्यातून परवा आलेली खजूर अजून संपली नाही, म्हणून माझ्याच स्टीलच्या डब्यातून शंकरपाळे धाडले.

१५ नोव्हें., शनि.
लिफ्टमध्ये युसुफ भेटला. माझ्याकडे न बघता आकडे बघत उभा. "अम्मा, कागज़ गया ही नहीं." काल यादीच्या ऑफिसात तो स्वतः जाऊन आला, ते म्हणाले हॉस्पिटलातून काहीच आलं नाही, आणि यादी बंद झाली.
मी काय बोलले, तर "वो लोग झूठ बोलता होगा. मेरा बेटा बोला गया, तो गया." असं बोलले मी. तोंड वर करून.
तो सातव्यावर उतरला, मीही तिथेच उतरायची, पण वरपर्यंत जाऊन परत आले.

१६ नोव्हें., रवि.
सकाळी दार उघडलं तर माझा स्टीलचा डबा पायपुसण्यावर. घासलेला, कोरडा केलेला. आत काही नाही. बेल वाजवली नव्हती.
एक खारीक नाही, बिस्किटाचा तुकडा नाही.
झाकण उघडून दोनदा बघितलं.

तोच दिवस, दुपार
बसवलं सुधीरला समोर. म्हटलं माझ्या डोळ्यात बघून सांग.
"साहेब म्हणाले आपण आपणहून पाठवायचं नाही. तिकडून विचारलं तर द्यायचं."
"मग त्या लोकांना तसं सांगायचंस, ते दुसरीकडून धडपडले असते."
"आई, माझा व्हिसा, मेघनाचा, बाबूचा, तुझा, सगळे त्या एका नोकरीवर उभे आहेत. तुला नाही कळायचं."
"हे कळलं. गेला म्हणून का सांगितलंस ते विचारते."
म्हणतो, "तू रोज विचारायचीस. इतकी खूश होतीस."
म्हणजे माझ्या खुशीसाठी! आणि आठवण केली म्हणाला ते? ते कोणी विचारलं होतं? सुरमई खाल्लीस ना रे माझ्या हातची, काटे काढून दिले मी तुला.
मेघना आतून म्हणाली, "मी सांगितलं होतं ह्याला, आईंना खरं सांग." म्हणजे तिलाही ठाऊक. घरात ठाऊक नव्हतं ते मला नि बाबूला.
लहानपणी शेजाऱ्यांचे पेरू तोडलेन तेव्हा ह्याला हाताला धरून त्यांच्या दारात नेऊन कबूल करायला लावलं होतं. आता हात धरवत नाही, केवढा झालाय.
ज्याच्या मांडीवर आपल्या पोराचं जावळ झालं त्याला...

१७ नोव्हें., सोम.
ऑफिसला जाताना सुधीरने पिशवीतून एक कागद काढून टेबलावर ठेवला. डॉक्टरांची सही, शिक्का. इंग्रजी मला येत नाही, पण लिफ्टच्या बटणांमुळे आकडे वाचता येतात. तारीख ३. म्हणजे मी हात धरून वचन दिलं त्याच्याही आधीपासून ह्याच्याकडे होता.
"युसुफला दे. तो स्वतः नेऊन देऊ शकतो. पुढची यादी कधी होईल कोणाला माहीत नाही. आणि आई, माझ्याकडे होता म्हणू नकोस."
"मग काय म्हणू? वाऱ्याने आला?"
दार ओढून गेला.
उ. यु.चं निळं वाडगं अजून माझ्याकडेच होतं. खजूर काढून धुतलं. लाडू घालावेत असं हात म्हणाला, पण कोणत्या तोंडाने? कागद घडी न करता गोल करून आत ठेवला, वर ताटली. बाबूला काखेत घेतलं. मग वाटलं पोराच्या आड लपतेय मी. मेघनाकडे दिलं त्याला नि एकटीच गेले.
युसुफने दार उघडलं, मागे उ. यु. मी सगळं सांगितलं. मोडक्या हिंदीत, ओळीने. चौदा दिवस हा कागद माझ्या घरात होता. सुधीरच्या पिशवीत. सुधीरचं नाव घेतलं. तुला लिफ्टमध्ये बोलले ते चुकलं. युसुफ तिला अरबीत सांगत गेला. एका ठिकाणी थांबला, ते बहुतेक सुधीरचं असावं, तर तिने त्याला कोपर मारून पुढे बोलायला लावलं.
तिने कागद काढून वाचला, आपल्या पोरीचं नाव बोटाने शोधलं. युसुफ बूट घालून, कागद घेऊन तसाच निघाला. वाडगं तिने आत नेलं. या म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. आत सलमा पिवळी टोपी घालून झोपलेली दिसली.
मी परत आले.
सहा वाजता सुधीर येईल. विचारील, नाव घेतलंस का. हो म्हणणार आहे. भात टाकलाय. माझा डबा ओट्यावर आहे, त्यात अजून काही भरलेलं नाही.