घासून संपलेला दगड

आई,

लांबूनच पाया पडते.

मी ठीक आहे. वेळेवर जेवते, झोपही लागते. तुझं गुडघ्याचं तेल संपलं असेल ना? दादाला आणायला सांग.

बाबा गेल्याचं कळलं, त्या दिवशीही मी प्रयोगशाळेत गेले. दगडाची चकती काचेवर चिकटवायची आणि आरपार उजेड दिसेपर्यंत घासायची, हेच माझं काम. मी घासतच राहिले. सरांनी हात धरला तेव्हा काचेवर दगड उरलाच नव्हता. ते रागावले नाहीत. त्यांनी दुसरा तुकडा कापून दिला.

बाबा प्रत्येक फोनवर विचारायचे, "दगडोबा, तुझा तो काळा दगड आला तरी कुठून?" त्यांना सांगायचं राहिलं, म्हणून तुला सांगते. तो पृथ्वीच्या कवचाच्याही खालून आलाय. दोन खंड एकमेकांवर आदळले की डोंगर उभे राहतात, पण असा दगड लगेच वर येत नाही. वर बराच काळ सगळं गप्पच असतं. मग कधीतरी खाली ओढला गेलेला जड भाग तुटून बुडतो, त्या जागी खालून धग चढते, आणि तेव्हा कुठे तिथला खडक वितळून वर यायला लागतो.

दादा म्हणाला, "आई अजून रडली नाही, मला भीती वाटते." मीही रडले नाही, हे त्याला सांगितलं नाही.

त्याला म्हणावं, आम्हा दोघींच्या मागे घाई लावू नकोस.

तुझी,
दगडोबा