नानांचा दुसरा डोळा

आई,

तू सोनगीरहून परत येशील तेव्हा मी धुळ्याला नेत्रपेढीत असेन. तुझा फोन घरीच राहिलाय, म्हणून लिहून ठेवतोय.

सकाळी तिथल्या बाईंचा फोन आला. नानांच्या एका डोळ्याच्या बुबुळाचं रोपण झालं आणि त्या माणसाला दिसू लागलं! नाव सांगत नाहीत, पण त्यानं आपल्या घराला नमस्कार कळवलाय.

दुसरा डोळा रोपणाला चालला नाही. संशोधनासाठी द्याल का, असं त्यांनी विचारलं. मी फक्त रोपणाला होकार दिला होता, म्हणून परवानगीशिवाय ते हात लावणार नाहीत. मग म्हणाल्या, "तुमच्या आईंचं काय म्हणणं आहे?"

नाना गेले त्या दिवशी तुला न विचारताच मी सही केली होती. काका अडवायला आले, तेव्हा तूच म्हणालीस, "ऱ्हाऊ द्या भाऊ, पोऱ्यानी चांगलंच करं." म्हणून तर आज कुणाला तरी दिसतंय.

या वेळी आधी तू सांग. हो म्हण किंवा नाही म्हण, मी तेच लिहून देईन.

भाजी झाकून ठेवलीय. जेव, मग फोन कर. मी थांबतो.

किरण