प्रयोजनाचा रकाना

३ मार्च, सकाळी ७
बायको बहिणीकडे गेली. मेहुणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन. आठ दिवस. निघताना म्हणाली, तब्येत सांभाळा. एवढी औपचारिक कधी नसते. ऑपरेशनचं टेन्शन.
संकल्प : या शांततेत मूल्यांककांचे नवे नियम मुखोद्गत करणे.

१२ मार्च
आठाचे नऊ झाले. मेहुणीची हाडं पहिल्यापासून आळशी.
नियम एक ते चार पाठ. तिसरा विसरलो.
बायकोचा फोन. आपल्या घराचं व्हॅल्युएशन करून हवंय म्हणाली. पंचवीस वर्षांनी का होईना, माझ्या व्यवसायाची कदर झाली. समजावलं, व्हॅल्युअरला स्वतःच्या घराची किंमत काढता येत नाही, हितसंबंध आड येतात. म्हणाली, ठाऊक आहे, म्हणूनच दुसरीला सांगितलंय. कायद्याची काय ही जाण. सहवासाचा परिणाम.

१६ मार्च, ११ वाजता
दुसरी म्हणजे माझ्याच ऑफिसात शिकलेली पोरगी. खोल्या मोजल्या. बेडरूममध्ये जरा जास्तच रेंगाळली. मी मागे हिंडून कलमं ऐकवली. म्हणाली, सर, पाहणी चालू असताना मालकाने बोलायचं नसतं. चहा घेतला नाही. दारात विचारलं, वेळेवर जेवता ना? हा प्रश्न कुठल्याही नियमात नाही.

२२ मार्च
रिपोर्ट आला. मूल्यांकनाचं प्रयोजन : पती-पत्नींमधील वाटणी. उघड कॉपी-पेस्ट. दुसऱ्या कुणाच्या संसारातलं वाक्य आमच्या घराला चिकटवलंय. खाली, ताबा : पती, एकटे. धडधडीत दुसरी चूक. शिष्या नापास.
बायकोला फोन केला. ती हसेल असं वाटलं होतं. म्हणाली, चूक नाहीये हो ती. पुढचं माझे वकील बोलतील.
मेहुणी शेजारीच बसलेली असणार. मोकळं बोलता आलं नाही बिचारीला.

२३ मार्च, दुपारी
रिपोर्टवर आक्षेप घ्यायला सात दिवसांची मुदत. आपल्याला एक दिवस पुरतो. तीन पानी मसुदा, कलमांसकट. पुराव्याविना आक्षेप टिकत नाही, तेव्हा घरात दोघं राहतो हे सिद्ध करायला तिच्या कपाटाचा फोटो काढायला गेलो.
कपाटात फक्त हँगर. स्वेटरसुद्धा नाहीत. आठ दिवसांसाठी, तेही मार्चात, कुणी स्वेटर नेत नाही. वीस दिवस शेजारच्याच कपाटातून शर्ट काढतोय मी.
सवयीने फोटो काढला. स्पष्ट आलाय.
रिपोर्टमध्ये चूक नाही.