न मेलेल्या म्हशीचा निषेध

बुधवार, १२ नोव्हेंबर. सकाळी.

आजपासून नियम. कुठलंही कॉमिक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय मत द्यायचं नाही. मध्ये उठायचं नाही. मोबाइल दुसऱ्या खोलीत. पाय हलवायचा नाही (बायको किर्तीची तक्रार, सोफा हलतो).

'पॅनेल पारखी' हे माझं पेज आता अशा स्टेजला आहे की एक धक्का मिळाला की सुटलंच. अंबरनाथ-उल्हासनगर-बदलापूर पट्ट्यात दर आठवड्याच्या नव्या कॉमिक्सवर मराठीत बोलणारा दुसरा माणूस नाही. पहिला कोण, असं माझा मेहुणा अमित विचारतो. त्याला उत्तर द्यायचं नाही, हाही नियम.

संध्याकाळी.

कंपनीतून सुटून थेट हासानंदभाईंच्या दुकानात. दप्तरं, वह्या, वॉटरबॅगा आणि कोपऱ्यात कॉमिक्सचा रॅक. उल्हासनगरच्या आमच्या कॅम्प पाचमध्ये कल्चर म्हणून जे काही आहे ते हा रॅक. या आठवड्याला तीन नवीन. 'ताम्रकेतू', हिंदी, तांब्याचा माणूस उडतो. 'नाखवा ऑफ नेपच्यून', इंग्रजी, अंतराळात मासेमारी. तिसरं मराठी, 'चकवा नाका'. लिहिलंय आणि काढलंय बदलापूरच्या कोणा शलाकाने. पहिलंच पुस्तक.

हासानंदभाई म्हणाले, "साईं, ये लड़की संडे को दुकानात येणार आहे. साइन करेगी. तुम्ही दोन शब्द बोला ना. बस, पढ के आना."

पढ के आना! हे मला सांगतात!

जेवणाआधी.

घरी सासूबाई. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, म्हणून मोरिवलीहून आठवडाभर आमच्याकडे. काळा गॉगल. ठरल्या वेळी डोळ्यात थेंब. दुसरा डोळाही अजून धुरकट. वाचायचं नाही, टीव्ही बघायचा नाही, वाकायचं नाही. त्यामुळे बोलतात.

'ताम्रकेतू' घेऊन बसलो. सहाव्या पानापर्यंत उत्तम. मग गॅलरीत जाऊन आलो. मग पाणी प्यायलो. मग कंपनीच्या ग्रुपवर कोणी काही टाकलंय का बघितलं. कोणी टाकलं नव्हतं, म्हणून मी टाकलं. मेंदू फास्ट असला की हा त्रास होतो. मला सहा पानांत दिशा कळते. बाकीची पानं ही सामान्य वाचकाची सोय आहे.

गुरुवार, १३ नोव्हेंबर.

किर्ती क्लासमध्ये शिकवायला जाताना ऑर्डर सोडून गेली, "आईला कंटाळा आलाय. तुझं ते कॉमिक तरी वाचून दाखव."

आधी अपमान वाटला. मग विचार केला, जनतेपर्यंत जायचं तर सुरुवात घरापासून. 'ताम्रकेतू'ची सहा पानं चित्रासकट सांगितली. सातव्यापासून माझ्या पद्धतीने पुढे नेली. उडाला, लढला, परत उडाला.

सासूबाई म्हणाल्या, "आवरा उरतंय, मंग जेवतंय कवा? घरान कोन हाय का नाय त्याला?"

एवढा उडतो तर जेवतो कधी, म्हणे. साधी बाई, पण प्रश्नात काहीतरी होतं. त्याला योग्य भाषा दिली आणि पोस्ट टाकली : 'ताम्रकेतूला आकाश आहे, घर नाही. जो उडतो त्याला उतरायला उंबरठा लागतो.'

लाइक्स! आकडे मी बघत नाही. पण जिन्यात बघितले, रिक्षात बघितले, आंघोळीआधी बघितले. एकाने लिहिलं, "भाई, सेकंड हाफ पूरा उसके घर में ही है." मी उत्तर दिलं, भौतिक घर वेगळं, भावनिक घर वेगळं. तो गप्प झाला. पटलं असणार.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर.

आज डबल सेशन. आधी 'नाखवा'. सासूबाईंच्या माहेरी मिठागरं, त्यामुळे त्या सरळ कामाचंच बोलल्या, "थय भरती कवा येते?" नेपच्यूनवर. मी म्हटलं, तीनला. "मंग हा चारला होरी कनाला सोरतंय? येरा हाय का?" म्हणजे होडी तासभर उशिरा सोडली, वेडा आहे का. पोस्ट : 'लेखकाला भरती-ओहोटीचं भान नाही.' तीनची भरती पुस्तकात नाही हे खरं. पण भान नाही, हेही खरं.

मग 'चकवा नाका'. घाटातला रस्ता, रस्त्यावर एक जुना नाका, नाक्यावर म्हातारा नाकेदार. रात्री वाट चुकलेला माणूस फिरून फिरून त्याच्याचपाशी येतो. तो पाणी देतो, रस्ता सांगतो. आठवं पान. इथे माझा पाय हलायला लागला. थेंबांची वेळ होत आली होती आणि गोष्ट आटपायची होती. तेव्हा नाक्यामागून एक म्हैस आणली. नाकेदाराने ती बळी दिली. चकवा सुटला. समाप्त.

सासूबाईंनी गॉगल माझ्याकडे वळवला.

मग म्हणाल्या, "कनाला मारली?"

मी म्हटलं, रस्ता मोकळा व्हायला.

"दुसरा उपाव नव्हता?"

मग त्यांनी चिमीचं सांगितलं. चिमी म्हणजे त्यांची म्हैस. मोरिवलीच्या शेतांवर कंपन्या आल्या, चरायला जागा उरली नाही, तेव्हा विकली. विकल्यावर दोनदा एकटी दारात परत आली. "कंपनीच्या भिताडांना वलसा घालून आली. वाट इसरली नाय ती. आमीच परत पाठवली." गॉगलखाली बोट घालायला लागल्या. मी हात धरला, डॉक्टरने चोळू नका सांगितलंय.

जेवल्या नाहीत. किर्तीने मला किचनमध्ये बोलावून विचारलं, "काय वाचून दाखवलंस तू तिला?" मी म्हटलं, साहित्यात ताकद असते.

पोस्ट : 'चकवा नाका. मुक्या जनावराच्या रक्तावर उभा केलेला शेवट. निषेध.'

शनिवार, १५ नोव्हेंबर.

पेटलंय!

बदलापूरच्या प्राणिमित्रांनी उचललं. तिथून दुसऱ्या ग्रुपवर. 'बॉयकॉट चकवा नाका'. एकाने रडणाऱ्या म्हशीचा फोटो लावलाय. एवढ्या लोकांनी पुस्तक वाचलंय असं वाटत नाही, पण आस्था आहे.

शलाकाचा मेसेज : "सर, तुम्ही कुठल्या पानाबद्दल बोलताय? प्लीज सांगा, मला सकाळपासून लोक शिव्या घालतायत."

नवीन लेखकांना टीका पचत नाही. मी लिहिलं, पानात शोधू नका, मनात शोधा. निळ्या टिका आल्या. उत्तर नाही. अंतर्मुख झाली असावी.

दुपारी हासानंदभाईंचा फोन. दोन गिऱ्हाइकं पुस्तक परत करून गेली. "साईं, ये भैंस का क्या लफड़ा है? मैंने पूरा देखा, मेरे को तो नहीं मिली." मी म्हटलं, धंदेवाल्याची नजर वेगळी असते.

तरीपण उद्या दोन शब्द बोलायचेत, म्हणून पूर्ण वाचायला बसलो. मोबाइल किर्तीकडे दिला. मग काही अर्जंट आलं का बघायला परत मागितला. नवव्या पानापर्यंत पोचलो. प्रगती आहे. एक बाई येते, हातात जेवणाचा डबा, नाकेदाराला कुठल्याशा घराचा पत्ता विचारते. म्हैस अजून आलेली नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर. दुपारी.

सासूबाई म्हणतात, मी पन येनार, त्या पोरीला इचारायचंय. मी धूळ, ऊन, इन्फेक्शन सगळं सांगून बघितलं. किर्ती म्हणाली, रिक्षाने नेते.

संध्याकाळी.

शांतपणे लिहून काढतो.

दुकानात बसायला जागा नव्हती. हे माझ्या पोस्टमुळे, याची नोंद व्हावी. शलाका म्हणजे पंचविशीची मुलगी, बोटांना शाई, डोळे सुजलेले. एक दांडगा माणूस भांडायच्या तयारीने पुढेच उभा. मी दोन शब्द बोललो. जरा लांबले. किर्ती घड्याळ दाखवत होती.

मग सासूबाई उठल्या. "पोरी, आवाजावरनं तं तू चांगली वाटतेस. मंग म्हैस कनाला मारलीस?"

शलाका म्हणाली, "मावशी, शप्पथ सांगते, माझ्या पुस्तकात म्हैसच नाहीये."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हटलं, ती थेट दिसत नाही. सूचित आहे.

सासूबाई म्हणाल्या, "जावय, पान दाखवा."

मी पुस्तक हातात घेतलं. पानं उलटली. पुढे उलटली, मागे उलटली. दांडगा माणूस माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. मी म्हटलं, कदाचित दोन वेगवेगळ्या छपाया असाव्यात. हासानंदभाई हळूच म्हणाले, "साईं, आप अभी बैठ जाओ."

मग शलाकाने स्टूल ओढलं आणि सासूबाईंच्या शेजारी बसून पहिल्या पानापासून वाचायला लागली. चित्रंसुद्धा सांगत होती. "इथे काहीच बोलणं नाही, मावशी. नुसता रस्ता आहे. कडेला एक बाई उभी आहे. डबा तिने छातीशी धरलाय, गार होऊ नये म्हणून."  वॉटरबॅग घ्यायला आलेलं गिऱ्हाईकसुद्धा उभं राहिलं.

माझं नववं पान मागे पडलं. पुढचा भाग मला नवीन होता. मी ऐकायचं ठरवलं होतं, खरंच ठरवलं होतं. पण पाय हलायला लागला, रॅक वाजायला लागला, किर्तीने बघितलं. म्हटलं, कोपऱ्यापर्यंत जाऊन एक कटिंग मारून येऊ. गेलो तसा आलो.

आलो तर संपलं होतं. सासूबाईंनी त्या मुलीचा शाईचा हात दोन्ही हातांत धरला होता. दांडगा माणूस भिंतीकडे तोंड करून दप्तरांच्या किमती वाचत होता. मी टाळ्या वाजवल्या. एकट्याच्याच वाजल्या.

किर्तीला हळूच विचारलं, काय झालं शेवटी?

ती म्हणाली, "वाच."

सगळ्या प्रती संपल्या. माझा कार्यक्रम यशस्वी.

सोमवार, १७ नोव्हेंबर.

पेजवर खुलासा : 'काही तांत्रिक कारणांमुळे म्हैस मागे घेण्यात येत आहे.' प्राणिमित्रांनी आनंद व्यक्त केला. त्यांना वाटतंय ती वाचली.

सासूबाई आज गेल्या. अमित रिक्षा घेऊन आला होता. किर्तीही दोन दिवसांसाठी बरोबर गेली. निघताना सासूबाई दारात थांबल्या. "जावय, तुमी सांगलेली गोष्ट वायट नव्हती. तुमची व्हती तं तुमची म्हनून सांगाची. त्या पोरीचे नावावं कनाला मारली?"

म्हणजे माझ्यातला लेखक त्यांनी ओळखला. नवीन नियम : स्वतःचं कॉमिक काढायचं. चित्रकला शिकायला आठवडा पुरेल.

मंगळवार, १८ नोव्हेंबर. दुपारी.

पोट बरं नाही, कंपनीत कळवलंय. पोट बरं आहे. घरात कोणी नाही. चित्र काढायला पेन्सिल शोधली, टोकदार केली, ठेवून दिली. सोफ्यावर बसलो. बाजूला 'चकवा नाका'.

वाचलं. शेवटपर्यंत.

ती डबेवाली बाई रोज येते, रोज त्याच घराचा पत्ता विचारते. नाकेदार रोज समजावून सांगतो, वळण, पूल, चिंच, निळं दार. ती रोज परत येते. आपल्याला वाटतं चकवा तिला लागलाय. घर त्याचंच आहे. ती त्याची मुलगी आहे. नाका कधीच बंद पडलाय, आणि त्याला घर आठवतं पण ते आपलं आहे हे आठवत नाही. शेवटच्या पानावर ती काहीच विचारत नाही. तोच विचारतो, "बाई, तुम्हाला कुठं जायचंय?" ती म्हणते, "इथंच." आणि त्याच्याजवळ बसून डबा उघडते.

पुस्तक मिटलं. पाय हलत नव्हता, हे नंतर लक्षात आलं.

किर्तीला फोन केला. सांगायला लागलो, अगं ती मुलगी आहे त्याची. ती म्हणाली, "हो. मी शनिवारी रात्रीच वाचलं. टेबलावर पडलं होतं." फोन सासूबाईंना द्यायला सांगितला. त्या म्हणाल्या, "सांगलं ना त्या पोरीनं मना. ठेवतंय, थेंब घालाची येल झाली."

हासानंदभाईंना लावला. "साईं, वो तो बिक गया. नया माल कल आएगा, आ जाना."

पेजवर लिहिलं. पहिल्यांदा एवढं मनापासून लिहिलं असेल. पहिली कमेंट : 'शेवट सांगून टाकलास? अनफॉलो.'

शलाकाला मेसेज टाकला, 'वाचलं'. निळ्या टिका आल्या.

गॅलरीत गेलो. खाली इस्त्रीवाला. त्याला हाक मारून म्हटलं, एक गोष्ट सुनोगे?

त्याने वर बघितलं. म्हणाला, "कपड़े कितने हैं?"

कपाटातले शर्ट काढून दिले.