मोहाखाली वाढलेलं पान

१८ एप्रिल १९५७

आत्यांनी आज काढलंच. मी भाकरी थापत होते. म्हणाल्या, "अवंदा आखाजीले डोमाची घागर भरू." माझा हात परातीत तसाच राहिला, तव्यावरची भाकरी करपली.

पोटच्या पोराची घागर! अक्षय तृतीयेला मेलेल्याच्या जागी गावातला कोणी पाटावर बसवायचा, त्याला पोटभर वाढायचं, की झाला आपला माणूस पितर. मी नाही करणार. सासू असल्या तरी नाही. तीन वर्षांपूर्वी हे लाकडाच्या ठेकेदाराबरोबर सिरोंच्याकडे गेले. बरोबरची माणसं रक्ताचा सदरा घेऊन परतली आणि वाघ म्हणाली. वाघ सदरा काढून ठेवून जेवतो वाटतं! मी कुंकू पुसलेलं नाही. पुसणारही नाही.

२० एप्रिल

आत्या जेवल्या नाहीत. मीही नाही. भाकर मुंग्यांनी खाल्ली.

२४ एप्रिल

आज दुपारी आत्या पडवीत बसल्या होत्या. माझ्याकडे न बघता बोलल्या, "मेला असन अन उपाशी फिरून राह्यला असन, त? त्याले कोण देईन वो?"

मी हो म्हटलं.

पण खरं इथं लिहिते, दुसरीकडे कुठं लिहू? नुसत्या आत्यांच्या रडण्यानं मी वितळले नाही. तीन वर्षं या घरात पुरण शिजलं नाही. कोणी पाहुणा पाटावर बसला नाही. दोघी बायका मिठाशी भाकर खाऊन दिवे मालवतो. मला माणसं हवी होती. वेलदोड्याचा वास हवा होता. कुंकवापेक्षा मला पुरण जड झालं की काय, देव जाणे.

२९ एप्रिल

कुरडया! पहाटे चीक घोटला, अंगणभर खाटा टाकून त्यावर घातल्या. आत्या कावळे हाकत बसल्या आणि अर्ध्या ओल्याच तोंडात टाकत राहिल्या. मी म्हटलं, "कावळे परवडले." तीन वर्षांत त्या अशा हसल्या नव्हत्या. आंबे गवतात लावलेत. खोलीत गेलं की वासानंच पोट भरतं. नवी घागर आणली, वाळा घातला. आखाजीपर्यंत तिच्यातलं पाणी प्यायचं नाही, म्हणून मी नुसता गाल लावून येते. गार.

घर पुन्हा घरासारखं झालंय. कशासाठी झालंय ते मधूनमधून विसरायला होतं.

१ मे

मुखरूभाऊंना आवतण दिलं. शेजारचे, ह्यांच्याच वयाचे, आणि खाण्यात कोणाला हार न जाणारे. ऐकून मात्र त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, "डोमाच्या पाटावर मले बसवता? बरं. पण रसाले कमी नका करजा."

२ मे, आखाजी

पुरणपोळी, रस, कढी, वडे, कुरडया, चिंचवणी. एकही पदार्थ बिघडला नाही. पळसाच्या पानांची पत्रावळ मीच लावली होती.

मुखरूभाऊ पाटावर बसले. आत्या समोर हात जोडून म्हणाल्या, "जेव बापा डोमा." माझ्या हातात पोळीचं ताट होतं. मी वाढलं. पहिली पोळी, तूप, दुसरी पोळी. भाऊ मान खाली घालून जेवत होते. मध्येच त्यांचा घास थांबला. आमच्या परसापुढे नाला आहे आणि नाल्यापलीकडे लगेच जंगल. तिकडे बघत राहिले.

"काय झालं?"

"काई नाई. कोनी पाहून राह्यलं असं वाटलं." मग त्यांनी रस मागितला नाही. मुखरूभाऊंनी!

मागून बायका जेवल्या. घर भरलं होतं. हसणं, भांड्यांचा आवाज, पोरांची पळापळ. मला बरं वाटत होतं. फार बरं वाटत होतं. सगळे गेल्यावर घागरीपाशी गेले आणि कुंकू पुसलं. कोणी सांगितलं नव्हतं.

३ मे

नाल्यापलीकडच्या मोहाखाली पितराचं पान ठेवतात, तसं काल ठेवलं होतं. सोबत रसाची वाटी. आज बघायला गेले. पान साफ. वाटीही साफ, आणि पालथी घातलेली.

जेवण झालं की वाटी पालथी घालायची ही ह्यांची खोड. आत्या रागवायच्या, घरात अपशकुन करतो म्हणायच्या. कोल्ह्याकुत्र्याला असली खोड नसते.

म्हणजे हेच. म्हणजे खरंच गेले. आतापर्यंत वाटत होतं, कदाचित. आज ती आशाही संपली. वाटी छातीशी धरून घरी आणली, आणि संध्याकाळी पुन्हा भरून नव्या पानासोबत ठेवून आले.

४ मे

आज मुखरूभाऊंना घेऊन गेले. कालचं पानही साफ, वाटी पालथी. मोहाच्या अवतीभवती धुळीत पाऊल एकही नाही. नुसता लांब फराटा, पोतं ओढत नेल्यासारखा, वेळूच्या बेटाकडे गेलेला. भाऊंनी माझा दंड धरून मला मागे ओढलं. "पाय नाईत त्याले. चाला."

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. गुराखी वारलू गाई आता दुसऱ्या वाटेनं नेतो.

५ मे

आत्या म्हणतात, पोर धाला नाही, पोट भरलं नाही त्याचं, म्हणून हटत नाही. रोज पान ठेवायचं. मुखरूभाऊ जाऊन ठेवतात, ठेवतात आणि पळत येतात. परसाच्या कडेनं राखेची रेघ ओढली, तिच्यावर मोहरी टाकली. पलीकडचं अलीकडे यायला नको.

मी मात्र मन लावून रांधते. आज ह्यांच्या आवडीची वांग्याची भाजी केली, तिखट. चुलीपुढे बसून गुणगुणत होते. आत्यांनी विचित्र नजरेनं पाहिलं. बघोत. नवऱ्यासाठी रांधतेय, मेलेल्या का होईना.

६ मे

भर दुपार. झळा लागत होत्या, पाखरूही बोलत नव्हतं. आत्या निजल्या होत्या. मी धान निवडत होते.

"इंदे."

नाल्याकडून आवाज आला. मला इंदे म्हणणारा या गावात एकच होता. आवाज घोगरा, पण तोच. थोड्या वेळानं पुन्हा, "इंदे."

सूप हातातून पडलं. आत्या उठून आल्या आणि माझ्या तोंडावर हात दाबला. "ओ नको देऊ. तिसरी हाक आली तर मानूस. मेलेलं दोनदाच हाकारते. ओ देशीन त घेऊन जाईन तुले."

तिसरी आली नाही.

मी म्हटलं, एकदा जाऊन बघू द्या. आत्या म्हणाल्या, "काय पाहाशीन? तूनंच त वाढलं त्याले, पितर म्हून."

खरंच आहे. माझ्याच हातानं वाढलं.

७ मे

पान जसंच्या तसं. माश्या बसल्या होत्या म्हणे. मुखरूभाऊ म्हणतात, धाला असन, निंगाला असन. आत्यांनी देवापुढे दिवा लावला.

मला भूक नाही.

८ मे

आज परत. परवाच्यासारखीच दुपार. आवाज जवळून आला, अगदी राखेच्या रेघेपलीकडून वाटला, आणि इतका बारीक की आधी वाटलं कवाड कुरकुरलं. इंदे. मग खोकला. खूप वेळ खोकला. मग पुन्हा, इंदे.

मी परसाच्या दाराशी उभी होते. हात कडीवर. आत्यांनी मागून माझा पदर मुठीत धरला होता, पण कान त्यांचेही तिकडेच होते, आई आहेत शेवटी. दोघी मिळून तिसऱ्या हाकेची वाट पाहत राहिलो. मी मनात म्हणत होते, हाक मारा, एकदा मारा, मी दार मोडून येते.

पलीकडे काहीतरी घासल्यासारखं झालं. मग काहीच नाही.

कडी तशीच राहिली. आत्या खाली बसल्या. "सुटला," म्हणाल्या. मग मलाही बरं वाटलं. ह्यांना मोकळं वाटलं असेल, तर बरंच. आंबे उरलेत, उद्या त्यांचं साठं घालू.

९ मे

सकाळीच वारलूची गाय चुकून नाल्याकडे गेली, तिच्यामागे तोही गेला. राखेच्या रेघेला लागून हे पालथे पडले होते. दाढी छातीपर्यंत वाढलेली, उजवा पाय गुडघ्यापासून सडलेला. वारलूनं उताणं केलं. म्हणतो, अंग अजून गरम होतं.