थांब आणि आता

सर, तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली आणि मी अजून तुमच्याच दोन शब्दांवर मुलींना खेळ शिकवते. खरं तर एकाच शब्दावर. तेच सांगायला बसले आहे.

कळव्याच्या शाळेची प्रार्थना चालू आहे, मी सातवीत, रांगेत सगळ्यात मागे, मान आत ओढून उभी. मुली मला शिडी म्हणतात. तुम्ही रांगेवरून चालत येता, माझ्यापाशी थांबता आणि डोक्याकडे न बघता पायांकडे बघता. "चपलेचा नंबर काय गं?" मी लाजत आठ म्हणते. "म्हणजे अजून वाढशील. उद्यापासून व्हॉलीबॉलला यायचं." घरात माझी उंची हा काळजीचा विषय होता, आई तर पाहुण्यांसमोर मला बसवूनच ठेवायची. तुम्हाला मात्र तिचा उपयोग दिसला. त्या दिवशी मी घरी सरळ मानेनं गेले, एवढं नक्की आठवतं.

तुम्ही मला ब्लॉकला उभं केलंत. समोरचीनं मारलेला स्मॅश नेटवरच हात उंचावून अडवायचा, बास, एवढंच काम. पण मी तिच्या आधीच उडायचे आणि ती मारायची तेव्हा धपकन खाली येत असायचे. तुम्ही खांबाला टेकून ओरडायचात, "थांब... थांब... आता!" एकदा भर मैदानात म्हणालात, "उंच पोरांचे हातपाय आधी येतात, अक्कल मागून चालत येते." मी रडले. दुसऱ्या दिवशी तुम्ही कल्याणच्या बाजारातून बूट आणलेत, पुरुषांचे, कारण मुलींच्यात माझा नंबर मिळेना. तेही मोठेच निघाले. पुढे वर्तमानपत्राचे बोळे कोंबत तुम्ही म्हणालात, "पाय येतील त्यात. घाई नाही." दोन वर्षं तुम्ही मला एकाही मॅचला उतरवलं नाहीत. मी विचारलं की म्हणायचात, "शिजेपर्यंत दम निघतो, निवेपर्यंत निघत नाही, असं झालंय तुझं." ज्या वर्षी बुटांतले बोळे काढले त्याच वर्षी तुम्ही गेलात. मग नव्या बाईंनी मला उतरवलं, तेही एकीला ताप आला म्हणून. मॅचमधलं "आता" मी तुमच्या तोंडून कधी ऐकलंच नाही.

पुढे मी बरं खेळले, खेळामुळे नोकरी लागली. आता ऑफिस सुटल्यावर कल्याणला मुलींना शिकवते. चार वर्षांपूर्वी एका शाळेच्या लेझीमच्या रांगेत मागे एक मुलगी दिसली, खांदे पाडून उभी. मी तिला चपलेचा नंबर विचारला. नऊ म्हणाली, आणि मला इतका आनंद झाला की मी तिथेच हसले, तिला वाटलं मी चिडवते आहे. आज ती पाच फूट अकरा इंच आहे. तिलाही मी ब्लॉकला उभं केलं, तीही आधीच उडायची, मीही खांबाला टेकून ओरडायचे. चार वर्षं बाकावर बसवली. लोक म्हणायचे, एवढी उंच मुलगी घेतलीय ती काय पंखे पुसायला? मी म्हणायचे, पिकू दे.

गेल्या रविवारी अठराखालच्या मुलींची जिल्ह्याची फायनल होती. तिची शेवटची, कारण पुढच्या महिन्यात ती अठरा पूर्ण करते. शेवटचा सेट, बारा-बारा. समोरची मुलगी आमच्या ब्लॉकरच्या बोटांवरून मारत होती. बाकावरच्या त्या उंच पोरीच्या बोटांवरून मारता आलं नसतं. ते तिलाही कळलं, मी न सांगता तिनं ट्रॅकपँट काढली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. मी म्हटलं, "थांब."

तीन पॉइंट गेले, तिन्ही त्याच जागेवरून, आणि फायनलही गेली.

सोमवारी ती नी-पॅड परत करायला आली. "धुतलेत, मॅडम. मी नाय येणार आता. ठाण्याला कपड्यांच्या दुकानात लागलेय." मग हसून म्हणाली, "वरच्या फळीवरचं काढायला मला स्टूल नाय लागत, शेठ खूश हायेत." मी म्हटलं, अगं, अजून एक वर्ष दे, मोठ्यांच्या टीममध्ये बघू. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मॅडम, थांबायचं मला चांगलं जमतं आता. तुम्ही तेवढंच शिकवलंत." नमस्कार करून गेली. आणि मी नी-पॅड हातात घेऊन उभी.

मी शिजेपर्यंत थांबले, निवेपर्यंत थांबले, आणि वाढायचंच विसरले. नाही, विसरले नाही. मी घाबरले होते. कच्ची निघाली तर चार वर्षं वाया गेली म्हणतील, म्हणून घाबरले आणि त्याला सबुरी म्हटलं. सर, तुम्ही दोन वर्षं मला बसवून ठेवलंत, तेव्हा तुम्हीही घाबरला होतात का? हे आता कुणाला विचारू?

तिचं दुकान स्टेशनजवळच आहे. दोनदा समोरून गेले, आत शिरले नाही. शेवटी म्हटलं लिहावं. कागदाच्या सुरुवातीला "सर" लिहिलंय, त्याच्या आधी खाडाखोड आहे बघा. तिथे तिचं नाव होतं.